पॅनेल विकत घ्यावं, संशोधन दुसऱ्यांनी करावं?

हरमलकर:
तीन वर्षांपूर्वी घरावर सोलर बसवलं. यंदा पावसाआधी छपरावर चढलो तर पॅनेल ठणठणीत, पण क्लॅम्पचे बोल्ट गंजून लालभडक आणि एका कनेक्टरची पिन हिरवी पडलेली. खारा वारा, चार महिने पाऊस, त्यावर शेवाळ. आपल्या हवेचा विचार करून हे सामान कोण बनवतं? २०१५ मध्ये पॅरिसला ‘मिशन इनोव्हेशन’ सुरू झालं, तेव्हा भारतासह वीस देशांनी स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनावरचा सरकारी खर्च पाच वर्षांत दुप्पट करू म्हणून सांगितलं. २०२३ च्या जुलैत त्याचीच बैठक आपल्या गोव्यात झाली. माझं म्हणणं, विकसनशील देशांनी स्वतःच्या प्रयोगशाळांवर पैसा ओतल्याशिवाय गत्यंतर नाही.

डिचोलीची सून:
पटलं नाही. शी झेंगरोंग हे चिनी संशोधक सिडनीत सोलर सेलचे शास्त्रज्ञ मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकले आणि २००१ मध्ये चीनच्या वूशी शहरात जाऊन सनटेक ही सोलर पॅनेलची कंपनी काढली. शोध ऑस्ट्रेलियाचा, कारखाना चीनचा, आणि स्वस्त पॅनेल तुमच्या छपरावर. आपण संशोधनावर जीडीपीचा एक टक्काही घालत नाही. आहे तेवढं कारखान्यात घाला. इस्रोने लिथियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान २०१८ मध्ये कंपन्यांना द्यायला काढलं, तरी बहुतेक सेल अजून बाहेरूनच येतात ना?

म्हापशाचा वायरमन:
हरमलकर, रागावू नका, पण यात संशोधन कसलं? पॅनेलसाठी खाऱ्या हवेच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक केव्हाचं आहे, आयईसी ६१७०१. तुम्हाला साधे जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, बोल्ट मारून दिलेत. किनाऱ्यावर एसएस ३१६ हे स्टेनलेस स्टील लागतं. कोटेशन घासून घासून कमी केलं की असंच होतं.

हरमलकर:
बोल्टचं मान्य, घासाघीस मीच केली होती. पण ताई, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. शी पीएचडी करून गेले होते, नुसती मशीन विकत घेऊन नव्हे. डोक्यात विद्या होती म्हणून कारखाना उभा राहिला. आणि ब्राझीलने १९७५ पासून उसाच्या इथेनॉलवर गाड्या चालवायचं ठरवलं, ते कुणाकडून आयतं आणलं? (आमच्याकडे काजूचा रस फक्त हुर्राक आणि फेणीच्या भट्टीत जातो, तो भाग वेगळा.)

डिचोलीची सून:
ब्राझीलकडे ऊस होता, साखरेचे भाव पडले होते आणि तेल महागलं होतं. गरज आधी, प्रयोगशाळा नंतर. आणि सनटेकची वूशीतली कंपनी २०१३ मध्ये दिवाळ्यात गेली, हेही लिहा की. विद्येने वाचवलं नाही तिला.

म्हापशाचा वायरमन:
कंपनी बुडाली, पण पॅनेल स्वस्तच राहिलं ना, ताई? कारागीर आणि विद्या तिथेच राहिली. बाकी हरमलकर, ती हिरवी पिन नुसती पुसून परत जोडू नका. दोन्ही बाजूंचे कनेक्टर एकाच कंपनीचे घ्या आणि नवे बसवा.