भुसावळमध्ये उघड्यावर राहणाऱ्या कुटुंबांसाठी ब्लँकेट वाटण्यापलीकडे काय करता येईल?

प्रश्न : तापीकाठ (भुसावळ)

सप्रेम नमस्कार. आमच्या वसाहतीतील काही कुटुंबे मिळून दर हिवाळ्यात रेल्वे स्थानकाबाहेर आणि जामनेर रस्त्याच्या कडेला झोपणाऱ्या लोकांना ब्लँकेटे आणि गरम कपडे देतात. यंदा वाटप करताना थोडे थांबून बोललो, तेव्हा लक्षात आले की त्यांतील बरेच जण एकटे नसून लेकराबाळांसह राहणारे संसारी लोक आहेत. पुरुष सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहतात, बायका भंगार वेचतात किंवा मिळेल त्या कामाला जातात, आणि मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळत दिवसभर तिथेच बसलेली असते. मागच्या वर्षी दिलेली ब्लँकेटे कुठे आहेत, असे विचारल्यावर काहींनी सांगितले की रस्ता मोकळा करताना सगळे सामान गाडीत भरून नेले. काहींची पावसात कुजली.

आता आमच्यातील काहींचे म्हणणे आहे की रोख वर्गणी काढून दोन-तीन कुटुंबांना भाड्याने खोली घेऊन द्यावी. काहींना वाटते की हे काम नगरपालिकेचे असून आपण फक्त अर्ज करावा. मला दोन्ही अपुरे वाटते. खान्देशात कोणी असे काम सातत्याने केले असेल, तर नेमकी सुरुवात कुठून करावी हे कृपया सविस्तर लिहावे. निवारा केंद्रात जाण्याविषयी आम्ही दोन कुटुंबांना विचारले होते. दोघांनीही नकार दिला. त्याचे कारणही मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : सातपुड्याचा पायथा (शहादा)

तुम्ही ज्यांना भेटलात ते सगळे एकाच अर्थाने बेघर आहेत का, हे आधी पाहावे असे मला वाटते. धडगाव, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतील पावरा व भिल्ल कुटुंबे खरिपाचे काम आटोपले की दिवाळीनंतर बाहेर पडतात. बरीचशी सुरत, बारडोलीकडे ऊसतोडीला आणि बांधकामावर जातात. काही जळगाव जिल्ह्यात कापूस वेचणी, वीटभट्टी आणि रावेर-यावलकडील केळीच्या कामावर येतात. होळीला ती गावी परततात. गावात त्यांचे घर आहे, शेताचा तुकडाही असू शकतो, शिधापत्रिका तर नक्कीच असते. त्यांना कायमच्या छपरापेक्षा या चार-पाच महिन्यांसाठी पाणी, शौचालय आणि मुलांना सुरक्षित बसण्याची जागा हवी असते.

अशा कुटुंबांच्या बाबतीत दोन गोष्टी तत्काळ करता येतात. पहिली म्हणजे धान्य. एक देश एक शिधापत्रिका या व्यवस्थेमुळे गावाकडच्या कार्डावर भुसावळच्या रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येते, आणि घरातील म्हातारी माणसे गावी असतील तर काही धान्य तिथे व काही इथे असेही घेता येते. मात्र आधार जोडलेले असावे लागते आणि बोटांचे ठसे उमटावे लागतात. विटा उचलून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, तेव्हा दुकानदार ‘नंतर या’ म्हणतो. त्या वेळी सोबत एक शिकलेला माणूस उभा असला की बोलणे वेगळ्या सुरात होते, हा माझा अनुभव आहे. दुसरी गोष्ट मुलांची : गाव सोडताना शाळेने दिलेले शिक्षण हमी पत्रक असेल, तर ते दाखवून इथल्या शाळेत मुलाला बसवता येते.

शक्य असेल तर बोलायला पावरी किंवा भिलोरी येणारा माणूस सोबत घ्या. मराठीत विचारले तर प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ असेच उत्तर मिळेल.

उत्तर २ : निवारा कार्यकर्ती (जळगाव)

नकाराचे कारण विचारले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी निवारा केंद्राच्या व्यवस्थापनात काही वर्षे काम केले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, अन्नाच्या हक्कासंबंधी चालू असलेल्या याचिकेत, मोठ्या शहरांनी बेघरांसाठी निवारे उभारावेत असे आदेश दिले. पुढे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची स्वतंत्र योजना आली. तिच्यानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची कायमस्वरूपी सोय असावी, दर माणशी सुमारे ५० चौरस फूट जागा मिळावी, आणि निवारा केवळ थंडीत किंवा रात्रीपुरता न राहता वर्षभर चोवीस तास उघडा असावा. २०११ च्या जनगणनेत भुसावळची लोकसंख्या एक लाख ८७ हजार होती, म्हणजे याच मापाने तुमच्या शहरात जवळपास १९० जणांची सोय हवी. जळगावची चार लाख ६० हजार होती. तुमच्या नगरपालिकेकडे अर्ज करताना हेच आकडे मांडून प्रत्यक्षात किती खाटा आहेत एवढे विचारा. ‘गरिबांसाठी काहीतरी करा’ अशा अर्जाला उत्तर देणे टाळता येते. मंजूर क्षमता, उपलब्ध क्षमता आणि मागच्या महिन्यातील रोजची हजेरी मागितली की कोणाला तरी नोंदवही उघडावी लागते.

तरीही लोक जात नाहीत, आणि यात त्यांचा हट्ट नाही. बहुतेक ठिकाणी पुरुषांचे दालन वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे असते. दहा-बारा वर्षांचा मुलगा आईजवळ झोपवता येत नाही, आणि नवरा-बायकोने कुठे राहायचे याचे उत्तर कोणाकडे नसते. योजनेत कुटुंबांसाठी, वृद्धांसाठी आणि आजारातून उठणाऱ्यांसाठी वेगळे निवारे धरलेले आहेत; परंतु लहान शहरात एकच इमारत असते आणि ती पुरुषांनी भरते. दुसरे कारण अंतराचे. मजूर अड्ड्यावर सकाळी आठपूर्वी उभे राहिले नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली. निवारा गावाच्या टोकाला असेल तर रिक्षाचे भाडे देऊन तिथे झोपायला कोण जाईल? मुंबईच्या पदपथवासीयांविषयीच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच नोंदवले होते की माणसे पदपथावर राहतात कारण काम जवळ असते, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला, पण माणसाला पूर्वसूचना द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे असे सांगितले. तुमच्या लोकांचे सामान उचलले गेले तेव्हा अशी सूचना कोणाला मिळाली होती का, हे विचारून पाहा.

तिसरे कारण सामानाचे आहे. पातेली, चूल, भंगाराची पोती, एखादी शेळी किंवा हातगाडी यांना निवाऱ्यात जागा नसते. ती बाहेर ठेवली तर सकाळी सापडत नाहीत. ज्या केंद्रात आम्ही कुलूप लावता येईल अशी एक खोली सामानासाठी राखली, तिथे कुटुंबे टिकली. आपल्या नागरिकांच्या गटाने पालिकेकडे पहिली मागणी करायची झाली, तर खाटा वाढवण्याच्याही आधी मी कुटुंबांसाठी वेगळी खोली आणि सामानाची खोली मागेन.

भाड्याच्या खोलीविषयी : अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांचे भाडे देऊन कुटुंब स्थिरावते, असे मी पाहिले आहे, पण त्या घरातील किमान एका माणसाचे काम रोजचे असेल तरच. पावसाळ्यात बांधकाम थांबते, मजुरी बंद होते आणि भाडे थकते. म्हणून वर्गणी खर्च करायची असेल, तर आषाढ-श्रावणासाठी राखून ठेवा.

उत्तर ३ : व्यापारी (भुसावळ)

माझे दुकान स्थानकाजवळच आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आपण ब्लँकेटे वाटता, तेव्हा आजूबाजूच्या गावांतून माणसे येतात आणि मग तीच माणसे दुकानाच्या पायरीवर झोपतात, तिथेच शौचाला बसतात. सकाळी शटर उघडायच्या आधी पाण्याने धुवावे लागते. दारू पिऊन भांडणेही होतात. मला त्यांच्याविषयी राग नाही. परंतु मदत करणारे रात्री घरी जातात आणि त्रास आम्हाला राहतो. भीक मागणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग पोलिस कारवाई का करत नाहीत?

उत्तर ४ : निवारा कार्यकर्ती (जळगाव)

आपली तक्रार रास्त आहे आणि ती मी टाळणार नाही. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९ आपल्या राज्यात अद्याप लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तोच कायदा, त्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदींपुरता, दिल्लीसाठी घटनाबाह्य ठरवला. पण ज्या कुटुंबांविषयी इथे विचारले आहे ती भीक मागत नाहीत, मजुरी करतात. पायरीवरच्या घाणीचे कारणही वेगळे आहे : रात्री दहानंतर त्या भागात उघडे असलेले, पैसे न घेणारे स्वच्छतागृह कोणते, हे आपणच सांगावे. व्यापारी संघटनेने आणि या वसाहतीने एकत्र येऊन रात्रभर उघडे राहणारे एक स्वच्छतागृह मागितले, तर दोघांचाही प्रश्न हलका होईल, आणि व्यापाऱ्यांच्या सहीचा अर्ज पालिकेत लवकर वाचला जातो हे आपणही जाणता.

उत्तर ५ : निवृत्त शिक्षक (अमळनेर)

मुलांच्या शाळेविषयी फारसे लिहिले गेले नाही, म्हणून थोडे लिहितो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १४ नुसार जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ नुसार त्याला वयानुसार वर्गात बसवायचे असते. शाळा सुरू होऊन महिने लोटले असले तरीही प्रवेश द्यावा लागतो. मुख्याध्यापकांना हे ठाऊक असते. त्यांची खरी अडचण अशी की मूल दोन आठवड्यांनी दिसेनासे झाले तर हजेरीपटावर ते शाळाबाह्य म्हणून चढते आणि विचारणा त्यांना होते. त्यामुळे प्रवेशासाठी भांडण्यापेक्षा आपल्यातील कोणीतरी ‘मूल आले नाही तर मी चौकशी करीन’ असे लेखी दिले की दार लवकर उघडते. शिवाय धाकट्या भावंडांची सोय अंगणवाडीत केल्याशिवाय मोठी मुलगी शाळेत येणार नाही.

दुसरी सूचना मतदार यादीची. बेघर माणसालाही नाव नोंदवता येते. तो जिथे झोपतो ती जागा अर्ज क्रमांक ६ मध्ये लिहायची; मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन तो खरोखर तिथेच झोपतो का हे पाहतात, आणि खात्री पटली तर पत्त्याचा कागद लागत नाही. मी हे काम केले आहे. रात्रीच्या फेरीला येण्यास सहकारी कुरकुर करतात, परंतु नियम स्पष्ट आहे. एकदा नाव चढले की संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जात वयाचा पुरावा म्हणून त्या यादीचा उतारा चालतो. त्या योजनेला महाराष्ट्रातील १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि ज्याला ती सर्वांत जास्त लागते त्याच्याकडेच तो दाखला नसतो. म्हणून कागदांचे काम आजच सुरू करावे, गरज उभी राहील तेव्हा नव्हे.

उत्तर ६ : रुग्णसेवक (धुळे)

शासकीय रुग्णालयाच्या आवारात काम करतो, म्हणून एकच मुद्दा जोडतो. आपल्या वाटपात एकटे, असंबद्ध बोलणारे, अंगावर चिंध्या असलेले कोणी आढळले तर त्यांना ब्लँकेट देऊन पुढे जाऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि ती बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून नातेवाइकांचा शोधही घ्यायचा असतो. ठाण्यात गेल्यावर हे कलम छापून सोबत ठेवावे. भुसावळसारख्या जंक्शनवर दुसऱ्या राज्यांतून गाडीत बसून आलेली माणसे उतरतात. त्यांचे घर शोधता येते, फक्त कोणीतरी त्यांची भाषा ओळखावी लागते. एकटे मूल दिसले तर १०९८ आणि निराधार वृद्धांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आम्ही पुन्हा त्या ठिकाणी गेलो आणि या वेळी काहीही न वाटता फक्त बोललो. रस्त्याच्या कडेची बहुतेक कुटुंबे हंगामी निघाली. स्थानकाजवळची मात्र बऱ्याच वर्षांपासून इथलीच आहेत. त्यामुळे दोन वेगळ्या याद्या करण्याचे ठरले. वर्गणी पावसाळ्यासाठी राखू, आणि स्वच्छतागृहाच्या अर्जावर व्यापारी बंधूंची सही घेण्यासाठी मी स्वतः येईन. एक शंका उरते : आमचे सगळे लक्ष हिवाळ्यावर आहे, हे बरोबर आहे का?

निवारा कार्यकर्ती (जळगाव)

नाही. आपल्याकडे थंडीचे दिवस थोडे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर. रात्री डांबर तापलेले असते, दुपारी सावली नसते, आणि लहान मुलांना उष्माघात होतो. एप्रिलपासून दुपारी बारा ते पाच एखादे मंगल कार्यालय किंवा समाजमंदिर या कुटुंबांसाठी उघडे ठेवता येईल का, याची बोलणी फेब्रुवारीतच करावीत. लग्नसराईच्या तारखा एकदा ठरल्या की कोणी जागा देत नाही. जनगणनेतील बेघरांची मोजणी २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती, म्हणजे स्थलांतराच्या भर हंगामात. देशभरातील १७ लाख ७३ हजार या आकड्यात आपल्या भागातील किती माणसे कुठल्या शहराच्या नावावर मोजली गेली असतील, याचा विचार आपण करत असलेल्या दोन याद्यांत जरूर व्हावा. यादीत नावासोबत मूळ गाव, तालुका आणि परतण्याचा महिना एवढे तीन रकाने ठेवा. समाजमंदिराच्या विश्वस्तांना भेटायला जाल तेव्हा मला कळवा, मी जळगावहून येईन.