पत्रातला 'विकास' काढायचा का?

(आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची रविवारची चर्चा. आम्ही पुणे महापालिकेत नंतर समाविष्ट झालेल्या एका गावात राहतो. सुप्रभात, वाढदिवस आणि फुलं गाळली आहेत.)

*मीनल (सेक्रेटरी), ९:१२*
पाणी आणि ड्रेनेज लाईनच्या पत्राचा मसुदा काल टाकलाय. उद्या ११ वाजता द्यायचाय, सह्या आजच हव्यात. कुणी वाचलेलं दिसत नाही म्हणून मुख्य वाक्य परत टाकते: "परिसराचा झपाट्याने होणारा विकास लक्षात घेऊन मुख्य रस्त्यापासून सोसायटीपर्यंत मोठ्या क्षमतेची जलवाहिनी व मलवाहिनी टाकण्यात यावी."

*खजिनदार, ९:२०*
काल ७ टँकर झाले. सातवा रात्री पावणेअकराला आला. वॉचमनने मला उठवलं, म्हणून सांगतोय.

*अरविंदकाका ए-७०२, ९:३१*
मीनल, पत्र चांगलं झालंय. फक्त 'विकास' आणि 'मोठ्या क्षमतेची' एवढं काढ.

*निखिल बी-३०४, ९:३३*
काका?? मोठी मागितली तर निदान मधली तरी मिळेल. भाजी घेताना पण आपण असंच करतो 😀

*अरविंदकाका ए-७०२, ९:४७*
पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं काढली रे, भाजीचं गणित इथे चालत नाही. आपले ११२ फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर. झाले रोजचे साधारण ६० हजार लिटर, म्हणजे दहा हजाराचे ६ टँकर. शेजारच्या दोन सोसायट्या आणि गावठाण धरलं तर माणसं फार तर ५ हजार. एवढ्यांना २०० मिलिमीटरची लाईन पुरते. आता तुझी 'मोठ्या क्षमतेची' म्हणजे ४०० धर. व्यास दुप्पट झाला म्हणून पाणी दुप्पट जात नाही, साधारण सहापट जातं. म्हणजे ३० हजार माणसांचं पाणी. ही वरची २५ हजार माणसं कोण? मुख्य रस्त्यापासून आपल्या गेटपर्यंत दीड किलोमीटर आहे, दोन्ही बाजूंना ज्वारी आणि ऊस. पाइपचे ट्रक उतरायच्या आत तिथे प्लॉटिंगच्या पाट्या लागतील.

*सी-४०१, ९:५१*
गेटसमोर पांढरी स्विफ्ट कुणाची आहे? कृपया काढा. दूधवाला अडकलाय.

*निखिल बी-३०४, ९:५८*
पण काका, लोक येणारच. लाईन नव्हती तरी आपण आलोच ना? बिल्डरने लिहून दिलं होतं, महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन म्हणून. तो कागद आहे माझ्याकडे. बिल्डर तेवढा फोन उचलत नाही.

*अरविंदकाका ए-७०२, १०:०६*
हे मला खोडता येत नाही. नळ अडवून वस्ती थांबली असती तर २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आत घेतली, तिथे टँकरच दिसले नसते. लाईन नको असं मी म्हणतच नाही. ती आपल्यापर्यंत यावी, पण मधल्या रानात तिला फाटे फुटू नयेत.

*डॉ. कविता ए-२०१, १०:१०*
लाईन नको असं कुणी म्हणूही नका. जानेवारी २०२५ आठवतोय ना? सिंहगड रोडला नांदेड, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले आणि पहिला संशय पाण्यावर गेला. तोही समाविष्ट गावांचाच भाग. इथे राहायला आलेल्यांना स्वच्छ पाणी मिळालंच पाहिजे, मग ते आले ते चूक की बरोबर हा वाद नंतर घाला.

आणि नुसतं पाणी मागू नका. पाणी आलं की वापर वाढणार. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आपला एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) दिवाळीपासून अर्धाच चालतोय. मागच्या भिंतीपाशी जाऊन नाल्याचा रंग बघून या.

*अरविंदकाका ए-७०२, १०:२२*
कविता, शंभर टक्के. आणि खरी मेख ड्रेनेजमध्येच आहे. पाण्याच्या लाईनला दाब असतो, ती चढावरही नेता येते. ड्रेनेज उताराने जातं, म्हणून लाईन नाल्याच्या काठाने टाकतात. एकदा ती तिथे गेली की नाल्याच्या दोन्ही अंगांची सगळी रानं आपसूक तिच्या उतारात येतात. पंपाचा खर्च नाही, काही नाही, एक चेंबर फोडलं की जोड. बिल्डरला याहून सोपी जमीन कुठे मिळणार? बरं, पुढे वस्ती होईल म्हणून आत्ताच अवाढव्य पाइप टाकला तर त्याच्या तळाशी बोटभर पाणी वाहतं. वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की घाण तळाला बसते. मग दर महिन्याला पाइप साफ करायला जेटिंगची गाडी बोलवा.

*दत्ताभाऊ सी-१०१, १०:४०*
काका, नमस्कार. नाल्याकडची साडेतीन एकर आमची आहे, माझी आणि भावाची. तुमची बिल्डिंग पण आमच्या चुलत्याच्याच वावरात उभी आहे. तवा कुणी फाटा मोजला नाही. आता पाइप भावाच्या बांधावरून जाणार, उभं पीक उकरणार, आणि नळ मात्र तुम्हाला?

*दत्ताभाऊ सी-१०१, १०:४१*
राग नाही. विचारतोय.

*अरविंदकाका ए-७०२, १०:५५*
भाऊ, बरोबर विचारलंत. वस्तीवरच्या तुमच्या चारही घरांना आपल्या आधी नळजोड मिळाला पाहिजे, ड्रेनेजसुद्धा. मी बोलतोय ते मोकळ्या रानाबद्दल.

*दत्ताभाऊ सी-१०१, १०:५८*
पोरं वेगळी झाली, पाचवं घर बांधलं तर?

*अरविंदकाका ए-७०२, ११:०३*
घरच्या घरासाठी जोड मिळावा. नव्या प्रकल्पाला नको. आणि विकास आराखड्यात ती जमीन निवासी झालीच, तर लाईन वाढवायचा सगळा खर्च प्रकल्पवाल्याने भरावा, आपल्या पट्टीतून नको.

*श्वेता बी-६०१, ११:१५*
माझी बहीण अमेरिकेत पोर्टलंडला असते. तिथे ओरेगन राज्यात १९७३ च्या कायद्यामुळे प्रत्येक शहराभोवती नकाशावर रेघ आहे. रेघेबाहेर मलवाहिनी न्यायची नाही हा नियम. पण आधीपासून असलेल्या वस्तीत सांडपाण्यामुळे आरोग्याला धोका असेल तर नेता येते. काका म्हणतात ते साधारण हेच. आणि रेघेच्या आत २० वर्षं पुरेल एवढी जागा ठेवावी लागते, म्हणजे दार अगदी बंद नाही.

*दत्ताभाऊ सी-१०१, ११:१९*
तिकडची रेघ जागेवर राहत असेल ताई. इथली रेघ कुणाच्या वावराजवळ आली की वळसा घेते. आमच्या गावचा नकाशातला पिवळा (निवासी) पट्टा बघा, कुणाकुणाच्या गटातून गेलाय. हिरवं (शेतीचं) राहिलं ते आमच्यासारख्याचं, ज्याचं मुंबईत कुणी नाही.

*निखिल बी-३०४, ११:२१*
हे मात्र खरंय.

*अरविंदकाका ए-७०२, ११:३०*
यावर माझ्याकडे उत्तर नाही भाऊ. नोकरीत असताना अशा लाईनी मीही आखल्यात. नकाशावर एक, जमिनीवर दुसरीच.

*मीनल (सेक्रेटरी), ११:४४*
सगळ्यांचं ऐकून बदललंय, बघा: "सध्या वास्तव्य असलेल्या सोसायट्या, गावठाण व वस्तीवरील घरांसाठी पुरेशी जलवाहिनी व मलवाहिनी एकाच वेळी टाकण्यात यावी. मार्गावरील शेतजमिनीत नवीन प्रकल्पांना जोड देऊ नये." चालेल?

*अरविंदकाका ए-७०२, ११:४८*
'पुरेशी' नको, आकडा टाक. जलवाहिनी २०० मिमी, लोकसंख्या ५ हजार. आकडा असला की फाईलमध्ये तो ४०० करताना कुणाला तरी सही करावी लागते.

*निखिल बी-३०४, ११:५०*
'नवीन प्रकल्पांना जोड देऊ नये' हे आपणच लिहायचं? लोक हसतील काका.

*डॉ. कविता ए-२०१, ११:५२*
हसू देत. 'एकाच वेळी' तेवढं ठळक करा मीनल. पाणी आधी आणि ड्रेनेज दहा वर्षांनी असं नको.

*दत्ताभाऊ सी-१०१, १२:०५*
"पीक उभं असताना खोदू नये, नुकसानभरपाई आधी द्यावी" हे पण घाला. आणि वस्तीवरील घरं गट नंबर टाकून लिहा, नाहीतर उद्या म्हणतील कुठली वस्ती. प्रिंट काढून वॉचमनकडे ठेवा. संध्याकाळी भावाशी बोलतो. तो हो म्हणाला तर सही करतो.