बंद झालेल्या राइड्स, हाताने काढलेली कार्टून्स : तुमच्या आठवणी लिहा

चांदणवेल
काल लेकीबरोबर 'मुलान' बघत होते. मध्येच तिला म्हटलं, हा सिनेमा काढणारी माणसं काम करताना मी बघितली आहेत, काचेतून. ती म्हणे, "कम्प्युटरवर ना?" नाही गं बाई, कागदावर, पेन्सिलीने. तिचा विश्वासच बसेना, आणि मला मात्र रात्री झोप लागेना.

फ्लोरिडात, ऑरलँडोच्या डिस्नी-एमजीएम स्टुडिओज या पार्कात १९८९ पासून खराखुरा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ होता. आपण काचेच्या अलीकडून चालत जायचं, पलीकडे चित्रकार बसलेले. टेबल तिरकं, मधोमध खालून दिवा लावलेली काच, कागद हलू नयेत म्हणून भोकं पाडून खुंट्यांवर बसवलेले. एक जण चार-पाच कागदांत बोटं अडकवून ते सारखे मागेपुढे उलटत होता आणि त्या उलटण्यात घोड्याची मान वळत होती. मग थांबला, टेबलाला लावलेल्या आरशात बघून भुवया उंचावल्या, ओठ मुडपले आणि परत पेन्सिल उचलली. बाबा पुढे चल म्हणत होते, मी हलायला तयार नव्हते.

'मुलान' (१९९८), 'लिलो अँड स्टिच' (२००२), 'ब्रदर बेअर' (२००३) हे सगळे मुख्यतः तिथेच झाले. २००४ मध्ये स्टुडिओ बंद झाला, २०१५ मध्ये उरलीसुरली टूरही गेली. सिनेमा आपण पुन्हा लावू शकतो. राइड एकदा पाडली की बसलेल्यांच्या डोक्यातच काय ती उरते. म्हणून हा धागा. वास, आवाज, रांगेतला खांब, काहीही लिहा. जुन्या अ‍ॅनिमेशनपटांच्या आठवणीही चालतील.

उनाड
संत्र्याचा वास.
ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

पिंपळपान
पाणबुडी!! फ्लोरिडाच्याच डिस्नी पार्कातली, मॅजिक किंगडममधली '२०,००० लीग्ज'. १९७१ ला सुरू झाली, १९९४ ला बंद. गोल खिडकीला नाक लावून बसायचं आणि बाहेर बुडबुडेच बुडबुडे. आपण खोल खोल चाललोय अशी खात्रीच पटायची. खरं तर ती बुडायचीच नाही, बसायची जागाच पाण्याच्या पातळीखाली होती आणि बाकीचं काम बुडबुडे करायचे. हे मला नवऱ्याने लग्नानंतर सांगितलं. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नव्हते.

नंतर ते तळं बुजवलं. आता त्याच भागात सात बुटक्यांची खाणगाडी आहे, २०१४ पासून. मुलांना आवडते. मी बाहेर बाकावर बसते.

सायसाखर
पिंपळपान, अगदी अगदी! कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमधली पाणबुडी १९९८ ला बंद झाली होती, पण २००७ मध्ये 'फाइंडिंग निमो' सिनेमाच्या रूपात परत आली. आहे अजून. बसून ये एकदा.
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

भटक्या
मिस्टर टोडबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून?

१९४९ च्या सिनेमातला तो मोटारवेडा बेडूक. फ्लोरिडाच्या राइडमध्ये दोन वेगवेगळे रूळ होते, म्हणजे डावीकडच्या रांगेतल्यांना एक गोष्ट आणि उजवीकडच्यांना दुसरी. शेवट मात्र एकच: समोरून आगगाडी येते, धडक, आणि पुढचं दार उघडतं ते थेट नरकात. लहान मुलांच्या राइडमध्ये नरक! लाल दिवे, छोटी छोटी सैतानं, गरम हवा. सिनेमात नरकाचं नावही नाही. ज्या कोणाला हे सुचलं त्याला माझा साष्टांग दंडवत.

बंद करणार म्हटल्यावर लोकांनी हिरवे टीशर्ट घालून पार्कात निदर्शनं केली होती. तरी सप्टेंबर १९९८ मध्ये बंद झालीच आणि १९९९ ला तिथे विनी द पू आला. पण पूच्या राइडमध्ये एक तसबीर आहे, टोड घुबडाच्या हाती घराची कागदपत्रं देतोय अशी. अंधार असतो, गाडी झपकन वळते, मान आधीच वळवून ठेवावी लागते. मला ती दिसली की भरून येतं. जाणाऱ्याचा मान राखला कोणीतरी.

कॅलिफोर्नियात १९५५ पासूनची टोडची राइड अजून चालू आहे. जाणार असाल तर चुकवू नका.

रानवारा
@उनाड कुठला वास? नीट लिही की.

मुखदुर्बळ
वाचनमात्र असते एरवी, पण आज लिहितेच. मला स्नो व्हाइटची भीतीदायक राइड आठवते. सुरुवातीला त्यात स्नो व्हाइट दिसायचीच नाही, कारण स्नो व्हाइट म्हणजे आपणच! चेटकीण आपल्यालाच सफरचंद देते. हे मोठ्यांनासुद्धा कळायचं नाही, मुलं नुसती किंचाळायची. फ्लोरिडात १९९४ मध्ये बदल करून तिला आत आणली. ३१ मे २०१२ ला राइड बंद झाली.
माझी धाकटी बहीण चेटकीण आली की माझ्या ओढणीत डोकं खुपसायची. आता ती तीन हजार मैलांवर आहे. ओढणी अजून ठेवली आहे.

पिंपळपान
मुखदुर्बळ, आज फोन कर तिला.

उनाड
रानवारा, घे. फ्लोरिडाच्या एपकॉट या डिस्नी पार्कातली राइड, 'होरायझन्स'. १९८३ ते १९९९. भविष्यात माणूस कसा राहील ते दाखवायचे. वाळवंटातल्या शेतीचा देखावा आला की संत्र्यांचा वास सोडायचे. आणि शेवटी गाडीतली बटणं दाबून परतीचा रस्ता निवडायचा: अंतराळ, वाळवंट की समुद्राखालून. बहुमत ज्याचं तो रस्ता. दादा आणि मी अंतराळ, आई-बाबा समुद्र, दरवेळी मारामारी. संत्रं सोलताना अजून तो पडदा डोळ्यांसमोर येतो. आता तिथे 'मिशन स्पेस' आहे, म्हणजे अंतराळवाले जिंकले म्हणायचे.

सायसाखर
आले परत. त्या फुगीर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोक्यातल्या व्हिडिओ कॅसेट आठवतात का? उघडताना 'कट्ट' आवाज यायचा. 'लायन किंग'चं खोकं आमच्याकडे इतकं हाताळलं गेलं की कडा मऊ पडल्या. आणि सिनेमा काही वर्षं दुकानातून गायब व्हायचा, मग परत यायचा. त्यामुळे ज्याच्याकडे कॅसेट त्याच्या घरी गर्दी.

रेघोट्या
मी चित्रं काढते म्हणून थोडं वेगळं लिहिते. '१०१ डाल्मेशियन्स' (१९६१) परत बघाल तेव्हा कडांकडे बघा. तोवर चित्रकाराची रेघ दुसरं कोणीतरी शाईने सेलवर, म्हणजे पारदर्शक कागदावर, गिरवायचं. या सिनेमात पेन्सिलीची रेघ झेरॉक्सने थेट सेलवर उतरवली. म्हणून ती जरा खरखरीत, जिवंत दिसते. एवढे ठिपकेवाले कुत्रे हाताने गिरवत बसले असते तर सिनेमा कधीच संपला नसता.
आणि 'लिटिल मर्मेड' (१९८९) हा मुख्यतः हाताने रंगवलेल्या सेलवरचा त्यांचा शेवटचा मोठा सिनेमा. पुढच्याच वर्षी रंगकाम कम्प्युटरवर गेलं. मला तो बघताना दरवेळी वाटतं, हे रंग कोणाच्या तरी ब्रशमधून ओघळलेत.

चांदणवेल, तुझा तो आरशातला चित्रकार वाचून काटा आला. आम्ही आजही तसंच करतो.

रानवारा
स्प्लॅश माउंटन या डिस्नीच्या पाण्यातल्या राइडवर लिहू का? भांडणं नकोत.

मला ती राइड मनापासून आवडायची. वरच्या टोकाला आल्यावर क्षणभर अख्खा पार्क दिसायचा, मग सरळ खाली, आणि भिजून चिंब. पण ती ज्या १९४६ च्या सिनेमावर ('साँग ऑफ द साउथ') होती त्यात कृष्णवर्णीयांचं चित्रण असं आहे की अमेरिकेत तो कधी व्हिडिओवरसुद्धा आणला नाही. माझ्या मुलाने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडच्या बंद झाल्या, २०२४ मध्ये त्याजागी 'प्रिन्सेस अँड द फ्रॉग'मधल्या टियानाची राइड आली. उडी तीच आहे. आणि टियानाचा सिनेमा (२००९) हाताने काढलेला आहे, हे मला फार आवडलं. जुनीचं वाईट वाटतं आणि बदललं ते योग्यच झालं, दोन्ही मनापासून.

भटक्या
+१. टोकियोत जुनी अजून चालू आहे.

निळी छत्री
फ्लिंटस्टोन्सवाल्या हॅना-बार्बेराची राइड कोणाला आठवते? डिस्नी नव्हे, युनिव्हर्सल फ्लोरिडा पार्क, १९९० ते २००२. योगी बेअरच्या मागे हलत्या खुर्चीत बसून फ्लिंटस्टोन्सच्या गावातून जेटसन्सच्या शहरात. सुरुवातीला पडद्यावर खुद्द हॅना आणि बार्बेरा यायचे! पुढच्या रांगेत न हलणारी बाकं होती, आजीला तिथे बसवायचो.

जाता जाता, डिसेंबरात सासूबाई येत आहेत, गुडघे दुखतात. मॅजिक किंगडममध्ये काय दाखवू? बोटीत फिरवायचं डोक्यात होतं.

सायसाखर
अगं, ती बोट जुलै २०२५ मध्ये बंद झाली! नदी आणि टॉम सॉयर बेटासकट. तिथे 'कार्स' सिनेमावरचा भाग करणार आहेत.

निळी छत्री
अरे देवा. तिथे आम्ही साखरपुड्यानंतर फिरलो होतो.

पिंपळपान
पीपलमूव्हरमध्ये, म्हणजे उंचावरून हळू फिरणाऱ्या छोट्या गाडीत, बसव त्यांना. १९७५ पासूनची आहे आणि चालू आहे. कॅलिफोर्नियातली १९९५ ला गेली, तिचे रिकामे रूळ अजून डोक्यावर दिसतात, बघवत नाही. इथली सावलीतून जाते, वारा लागतो, रांगही फार नसते. फक्त चढताना खालचा पट्टा सरकता असतो आणि चौथराही फिरत असतो, तेवढं आधी सांगून ठेव आणि हात धर. व्हीलचेअर लागणार असेल तर विपू (विचारपूस) कर, सांगते काय करायचं ते.