मदत हवी आहे : गॉल्गी संकुलातून प्रथिनं पुढे नेमकी कशी सरकतात?

नमस्कार मंडळी, पेशीतली वाहतूक शिकतेय आणि एका जागी अडकलेय.

आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतलं पटलांचं जाळं, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम) प्रथिन तयार होतं, त्याची घडी बसते, मग ते पटलाच्या चिमुकल्या पीटिकेतून (पिशवीतून, व्हेसिकल) गॉल्गी संकुलाकडे, म्हणजे प्रथिनांवर खुणा करून ती योग्य जागी धाडणाऱ्या पेशीच्या भागाकडे, निघतं. इथवर समजलं. तिथे लयकारिकेत (पेशीची पचनाची पिशवी, लायसोसोम) जाणाऱ्या विकरांवर (एन्झाइमांवर) मॅनोज-६-फॉस्फेट या साखरेची खूण बसते. पत्ता लिहायची ही सोय मला फारच सुंदर वाटते!

अडतं ते पुढे. जुन्या वर्णनात गॉल्गीची कुंडं (एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या) जागच्या जागी राहतात आणि पीटिका माल एकातून दुसऱ्यात नेतात. दुसऱ्या वर्णनात कुंडंच परिपक्व होत पुढे जातात, पीटिका फक्त विकरं मागे आणतात. २००६ साली यीस्टमध्ये कुंडाचं असं रूपांतर प्रत्यक्ष दिसलं. शिवाय प्रोकोलॅजेन (कोलॅजेन प्रथिनाचं आधीचं रूप) सुमारे ३०० नॅनोमीटर लांब, नेहमीच्या पीटिका १०० नॅनोमीटरहूनही लहान. मग जुन्या वर्णनाप्रमाणे ते पीटिकेत मावणार कसं?

मग लहान प्रथिनांसाठी दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात का? आणि मागे जाणारी पीटिका नेमकं कुंड कसं ओळखते, नुसत्या स्नेअर प्रथिनांच्या (पीटिका आणि कुंड यांची पटलं एकत्र जोडणाऱ्या) जोडीवरून? कुणी पायरीपायरीने समजावून सांगेल का?