क्रो पॅट्रिकची वाट बांधायची की मोडू द्यायची?

वाटाड्या :
आयर्लंडच्या जुन्या तीर्थवाटांवर पाट्या लावणं, यात्रेकरूंच्या ‘पासपोर्ट’ नावाच्या नोंदवहीत शिक्के मारणं आणि क्रो पॅट्रिक या पवित्र डोंगरावर दगडी पायवाट बांधणं म्हणजे भक्तीचं दुकान मांडणं, असं ‘अनवाणी’ यांनी परवा लिहिलं. वाटा आहेत तशा सोडा, ज्याला जायचं तो जाईल, असंही वर. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आहेत तशा म्हणजे कशा? 764 मीटरचा डोंगर, वर्षाला लाखभर माणसं, आणि माथ्याखालचा सगळा शंकू घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगडगोट्यांचा. मधे पाय सरकतो म्हणून प्रत्येक जण कडेच्या गवतावरून चढतो. गवत मरतं, पाऊस माती नेतो, पुढचा आणखी कडेनं जातो. मोकळी सोडलेली वाट मूळ रूपात राहत नाही, ती डोंगर खात रुंद होते. दगड बसवणारे डोंगरावरचाच दगड घेतात, हातानं बसवतात, सिमेंट वापरत नाहीत. यात दुकान कुठं दिसलं?

आणि बॅलिंटबरच्या मठापासून निघून क्रो पॅट्रिकला जाणारी 35 किलोमीटरची तीर्थवाट, तोहर फॉड्रिग? 1216 सालचा मठ. वाट तर त्याहून, आणि परंपरा मानली तर संत पॅट्रिकहूनही, जुनी. ती मोडून पडली होती. मठाच्या लोकांनी 1980च्या दशकात काटेकुटे काढून पुन्हा चालती केली. तेव्हा ‘आहे तशी सोडा’ म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं, तर आज या वाटेवरच्या बोहेच्या दगडापाशी कुणी थांबलं असतं का? अश्मयुगीन माणसानं कोरलेल्या वाट्या आणि वर्तुळं आहेत त्यावर. 18 एप्रिल आणि 24 ऑगस्टला तिथून बघितलं की मावळता सूर्य डोंगराच्या उतारावरून घरंगळत खाली जाताना दिसतो.

अनवाणी :
एवढं लिहिलंत, मुद्दा तसाच राहिला. मी रीक संडेला, म्हणजे जुलैच्या शेवटच्या रविवारच्या यात्रेला, क्रो पॅट्रिक अनवाणी चढलोय. माझ्या पुढं एक सत्तरीच्या आजी होत्या. घसाऱ्यात दोन पावलं वर, एक खाली. प्रत्येक वेळी थांबायच्या, काठी रोवायच्या, ओठ हलायचे, पुन्हा पाऊल. तो घसारा म्हणजेच प्रायश्चित्त आहे. लॉख डर्ग सरोवरातल्या तीर्थाच्या बेटावर लोक तीन दिवस अनवाणी राहतात, पहिली रात्र जागून काढतात, कोरडा पाव आणि बिनदुधाचा चहा घेतात. तिथं कुणी गाद्या घालायला गेलं नाही. मग डोंगरालाच पायऱ्या का?

पासपोर्टचं तर बोलूच नका. पाच वाटा, पाच शिक्के, शेवटी प्रमाणपत्र. शिक्क्यापर्यंत गाडीनं जाऊन फोटो काढणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. विकलो परगण्यातली, ग्लेनडालॉकच्या जुन्या मठाला जाणारी संत केविनची वाटही अशीच मोठ्या प्रेमानं जाहिरात करतात, आणि चालताना कितीतरी वेळ गाड्यांच्या डांबरी रस्त्यावरून जावं लागतं. तिथला चक्रव्यूह कोरलेला दगड 1908 मध्ये हॉलिवूड गावाजवळ सापडला. तो आता ग्लेनडालॉकच्या माहिती केंद्रात भिंतीच्या आत आहे. हे तुमचं जतन!

मेयोची सून :
दोघेही वाटेबद्दल बोलताय, वाट कुणाच्या रानातून जाते हे कुणी बोलत नाही. माझं सासर क्रो पॅट्रिकच्या मेयो परगण्यातलं, मेंढपाळाचं. या देशात स्कॉटलंडसारखा कुठूनही चालण्याचा हक्क नाही. तोहर आमच्यासारख्यांच्या कुरणांतून जाते ती मालकांच्या संमतीनं. उद्या दहा घरांनी फाटकं लावली तर तुमच्या दगडी पायऱ्याही नकोत आणि घसाराही नको, कारण डोंगरापर्यंत पोचताच येणार नाही.

आणि फाटकं का लागतात? कुत्र्यांमुळे. तीर्थवाटांचा आठवडा ईस्टरच्या सुमारास ठेवलाय. नेमके तेव्हाच आमच्याकडे मेंढ्या वितात.

डब्लिनकर :
सुटलं कुत्र्यांचं पुराण! ताई, आमचा लॅब्रेडॉर कायम दोरीला असतो, त्यानं आजवर मेंढीकडे मान वळवून बघितलेलं नाही. चार बेजबाबदार लोकांमुळे सगळ्यांना बंदी का?

मेयोची सून :
दोरीला असलेलं कुत्रंसुद्धा मेंढीला दिसतं हो. गाभण मेंढी घाबरून कुंपणाला अंग घासत पळते, मग पोटातलं कोकरू जातं. एका सकाळी सासरे फाटकाशी उभे होते. पायाशी दोन मेलेली कोकरं, अजून ओली. एका पाहुण्याचं कुत्रं ‘फक्त खेळत होतं’. त्या दिवशी त्यांनी फाटकाला साखळी घातली, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

डब्लिनकर :
वाईट झालं, ते मान्य. पण 1986च्या कायद्यानं मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला संरक्षण मिळतं, हे माहीत आहे ना? ज्या वाटेवर माझ्या कुत्र्याला गोळी घालता येते तिला पवित्र वाट म्हणायचं?

मेयोची सून :
मेंढ्या आमचं पोट आहेत, तुमची सहल नाही. आवाज खाली ठेवा.

वाटाड्या :
दोघेही थांबा. मूळ प्रश्न जतनाचा होता.

मेयोची सून :
हाच जतनाचा प्रश्न आहे, वाटाड्याभाऊ. तुम्हाला दगड दिसतात, मालक दिसत नाही. सासऱ्यांची दुसरी भीती भरपाईची. विकलो वे या पायवाटेवर लाकडी फळीत पाय अडकून पडलेल्या व्यक्तीला आधी 40,000 युरो मंजूर झाले होते. 2017 मध्ये हायकोर्टानं तो निकाल फिरवला, तरी शेजारीपाजारी आजही पहिलाच आकडा सांगतात. वाटेवर काही बांधलं की उद्या जबाबदारी कुणाची, हे आधी लिहून द्या, मग शेतकरी फाटक उघडेल.

नवखा :
आपल्या वारीत लाखो लोक चालतात, तिथं कुणी फाटकं लावत नाही. इथल्यांनी शिकावं.

अनवाणी :
वारी हमरस्त्यानं जाते, कुणाच्या गाभण मेंढ्यांमधून नाही. प्रत्येक धाग्यात वारी आणू नका. या बाबतीत ताईंचं बरोबर आहे.

वाटाड्या :
मालकाचा मुद्दा मी लिहायला हवा होता, ठीक. पण अनवाणी, तुमच्या त्या आजी उतरताना कशा उतरल्या ते लिहिलं नाहीत. रीक संडेला बचाव पथकं डोंगरावर कशासाठी उभी असतात? 2015 ला हवामानामुळे चढाई रद्द केली, तरी लोक गेलेच. माणसं येणारच असतील, तर पायाखालून दगड सुटून मागच्याच्या डोक्यात बसणार नाही एवढं करणं भक्तीच्या आड येत नाही.

अनवाणी :
आजींना दोन मुलांनी धरून उतरवलं. बरं, शंकूखालच्या खिंडीपर्यंत दगड बसवा, शंकूवर हात लावताना शंभरदा विचार करा. माथ्यावर 1990च्या दशकात खोदलं तेव्हा पाचव्या ते नवव्या शतकातलं दगडी प्रार्थनागृह सापडलं. अजून काय दडलंय त्याचा अंदाज नाही. पुरातत्त्ववाल्यांशिवाय तिथं पहार चालली तर मी पुन्हा इथं येऊन भांडेन. पासपोर्टबद्दल माझं मत तेच.

डब्लिनकर :
ईस्टरला कुत्रं घरी ठेवतो. पण बंदीची पाटी वाटेच्या सुरुवातीला लावा. माणूस पाच मैल चालून आल्यावर तुमच्या फाटकावर ती वाचायची म्हणजे अन्याय आहे.

मेयोची सून :
मठात नोंद करून निघालात तर तिथंच सांगतात. नोंद न करता मधूनच रानात शिरणाऱ्यांसाठी पाटी कुठं कुठं लावू?