चेतापेशीचा तंतू कशाच्या जोरावर वाढतो: नव्या पटलाच्या की ओढीच्या?

मेघना_के
बीएस्सीला शिकवताना एक गोष्ट मला फार खटकते. पुटिका (पेशीतल्या पटलाच्या, म्हणजे आवरणाच्या, इवल्या पिशव्या) म्हटलं की सिनॅप्स (चेतापेशीचा पुढच्या पेशीशी सांधा), सिनॅप्स म्हटलं की न्यूरोट्रान्समीटर (तिथे निरोप नेणारं रसायन), आणि विषय तिथेच संपतो. पण पहिला सिनॅप्स जुळण्याच्या कितीतरी आधीपासून हीच पुटिकांची वाहतूक चेतापेशीला वाढवत असते. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा अक्षतंतू (चेतापेशीचा लांब तंतू) मोठ्या माणसात सुमारे १ मीटर भरतो. एवढं आवरण येतं कुठून? लिपिडचं पटल ताणलं तर क्षेत्रफळात जेमतेम काही टक्के वाढतं, पुढे फाटतं. म्हणजे नवं पटल आणून जोडावंच लागतं. गॉल्जी या पेशीतल्या माल भरण्याच्या केंद्रातून पुटिका निघतात, कायनेसिन हे वाहक प्रथिन त्यांना मायक्रोट्यूब्यूल या नळीसारख्या रुळांवरून वाहून नेतं आणि तंतूच्या वाढत्या टोकामध्ये, म्हणजे ग्रोथ कोनमध्ये, त्या बाहेरच्या पटलात विलीन होतात. आतला माल बाहेर पडतो, पुटिकेचं आवरण पेशीचं होऊन जातं. डेनिस ब्रे यांनी १९७० मध्ये वाढत्या तंतूवर चिकटलेले कण पाहिले: टोक पुढे सरकत राहिलं, मागचे कण होते तिथेच राहिले. भर टोकालाच पडत होती.

माझं ठाम मत: वाढीचा वेग विलीनीकरण ठरवतं, अ‍ॅक्टिन (टोकाला पुढे ओढणारं सांगाड्याचं प्रथिन) फक्त दिशा देतं. शिकवण्याचा क्रमही तसाच हवा.

सुहास_पुणेकर
मेघनाताई, 'फक्त दिशा' हे अजिबात पटत नाही. त्याच ब्रे यांनी १९८४ मध्ये कोंबडीच्या संवेदी चेतापेशी काचेच्या बारीक सुईने ओढून तंतू लांबवून दाखवले. पुढे २००४ मध्ये प्रयोगशाळेत जुळलेले अक्षतंतू यंत्राने हळूहळू ओढत दिवसाला ८ मिमी वेगापर्यंत वाढवले. तिथे टोकाला ग्रोथ कोन नव्हताच! बाळ वाढतं तेव्हाही हेच होतं. तंतू स्नायूला केव्हाच जुळलेला असतो, हातपाय लांबतात आणि तंतू मागोमाग लांबतो. आधी ओढ येते, पटल तिच्या मागून येतं.

मेघना_के
सुहासदादा, ओढल्यावर लागलेलं पटल आलं कुठून, हा प्रश्न उरतोच ना? ओढ ही मागणी झाली, पुरवठा नव्हे. १९९३ मध्ये स्नॅप-२५ या प्रथिनाची निर्मिती अडवली तेव्हा उंदराच्या चेतापेशींत आणि कोंबडीच्या भ्रूणाच्या डोळ्यातही अक्षतंतूंची वाढ खुंटली. विलीनीकरण घडवणारं प्रथिन रोखलं, वाढ थांबली. आणखी काय पुरावा हवा?

अनिकेत_ज
हवा. जनुकच काढून टाकलं तर काय होतं ते बघा. मंक१८-१ हे स्रावाला लागणारं प्रथिन नसलेल्या उंदरांत (२०००) चेतापेशी न्यूरोट्रान्समीटर अजिबात स्रवत नव्हत्या, तरी मेंदूची रचना जवळपास पूर्ण उभी राहिली. पेशी मरू लागल्या त्या नंतर. विलीनीकरणाचंच आणखी एक प्रथिन सिनॅप्टोब्रेव्हिन-२ काढलं (२००१), स्नॅप-२५ काढलं (२००२), तरी पिल्लांचा मेंदू जन्मापर्यंत घडला. पिल्लं जगली नाहीत, पण तंतू वाढले होते. १९९३ च्या एका प्रयोगावर एवढा भार टाकू नका.

मेघना_के
हे उंदीर माझ्याच बाजूने बोलतात. त्यातून एवढंच ठरतं की सिनॅप्सची यंत्रणा वेगळी आणि वाढीची वेगळी. धनुर्वाताचं विष सिनॅप्टोब्रेव्हिन-२ कापतं, तरी अक्षतंतूची वाढ थांबत नाही. कारण या विषाला न जुमानणारं व्हॅम्प-७ हे त्याच जातीचं प्रथिन तिथे काम करतं. संशोधक थिएरी गल्ली यांच्या गटाने ते २००० च्या सुमारास दाखवलं. फळमाशीत तर चित्र आणखी स्वच्छ आहे: एक्झोसिस्ट संकुलातलं सेक५ हे प्रथिन बिघडलं की चेतापेशींचे तंतू वाढणं थांबतं, पण न्यूरोट्रान्समीटरचा स्राव चालूच राहतो. पुटिकेला योग्य जागी धरून ठेवणाऱ्या या आठ प्रथिनांच्या संकुलाबद्दल आपल्या पुस्तकांत एक ओळ नसावी याचं मला खरोखर वाईट वाटतं.

अनिकेत_ज
माशीचा पुरावा भक्कम, मान्य. पण व्हॅम्प-७ नसलेले उंदीरही जन्मतात, वाढतात. मेंदू किंचित हलका आणि वागण्यात भित्रेपणा, एवढाच फरक. शिवाय २०१४ मध्ये गल्लींच्याच गटाने दाखवलं की सेक२२बी हे प्रथिन आंतर्द्रव्यजालिका (पेशीच्या आतलं पटलाचं जाळं) आणि पेशीपटल यांना जवळ आणतं, विलीन न करता, आणि तरीही पटलाच्या वाढीला हातभार लावतं. विलीनीकरणाशिवायची ही वाट धरली तर 'वेग विलीनीकरणच ठरवतं' यातला 'च' टिकत नाही.

वैदेही_फिजिओ
मी रोज हाताच्या चेता तुटलेले रुग्ण बघते, म्हणून आकड्यांवर बोलते. तुटलेली चेता दिवसाला साधारण १ मिमी वाढते. पुटिकांची जलद वाहतूक मात्र दिवसाला ५० ते ४०० मिमी धावते. माल इतका झरझर पोचत असेल तर वाहतूक ही अडचण नाही. पेशीच्या सांगाड्याची प्रथिनं, ट्यूब्यूलिन आणि अ‍ॅक्टिन संथ वाहतुकीने येतात, दिवसाला ०.२ ते ८ मिमी. वाढीचा वेग या सांगाड्याच्या वेगाशी जुळतो. मनगटापाशी तुटलेल्या चेतेची संवेदना बोटाच्या टोकापर्यंत परतायला महिने लागतात ते यामुळेच, असं मला वाटतं.

मेघना_के
वैदेही, तुमचा आकडा वजनदार आहे, पण तो पुटिका किती वेगाने धावतात ते सांगतो. टोकाला पोचलेल्यांपैकी किती विलीन होतात आणि किती नुसत्या साठून राहतात, हे त्यातून कळत नाही. ग्रोथ कोनमध्ये पुटिकांचा साठा भरपूर दिसतो आणि विलीनीकरणाला बाहेरून संकेत लागतो. संशोधक कार्ल फेनिंगर यांच्या गटाने इन्सुलिनसारख्या वाढ-घटकाने, म्हणजे आयजीएफ-१ ने, तिथे पटलाची भर पडते हे दाखवलं आहे. माल दारात येऊन थांबला असेल तर रस्त्याचा वेग मोजून काय कळणार?

सुहास_पुणेकर
मग दारात थांबलेला माल आत घ्यायचा संकेत ओढीतूनच येत असेल तर? पटल ताणलं की विलीनीकरण वाढतं, हे इतर पेशींत पाहिलेलं आहे. यावर बोला.