मदत हवी आहे: संगीताच्या नव्या मासिकासाठी वाचक कसा ठरवायचा आणि अंक कसा आखायचा?

गंधार_न

नमस्कार मंडळी,

माध्यम अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून संगीताला वाहिलेल्या एका नव्या मासिकाचा पहिला अंक आखायचा आहे. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि समोरासमोरच्या दोन पानांवरचा मुख्य लेख प्रत्यक्ष छापून द्यायचा. बाकी अंकाचा आराखडा आणि त्यामागचा वाचकांचा अभ्यास लेखी द्यायचा. नुसत्या गुणांसाठी मला हे करायचं नाही. अंक खराच निघाला तर कुणीतरी तो शेवटपर्यंत वाचावा, अशी मनापासून इच्छा आहे.

प्रश्नावली फिरवून झाली. वय, आवडता संगीतप्रकार, रोज किती वेळ ऐकता, मासिक विकत घ्याल का, त्यात काय असावं असं वाटतं, असे प्रश्न होते. उत्तरं बरीच आली, पण सगळी एका साच्यातली. 'सगळं ऐकतो.' 'मुलाखती आवडतील.' 'हो, नक्की घेईन.' यावरून एकसुद्धा पान ठरवता येईना.

वर्गात वयोगट, उत्पन्नगट, राहणीमान, मनोवृत्ती अशी विभागणी शिकवली. कॅट्झ, ब्लमलर आणि गुरेविच या माध्यम अभ्यासकांची १९७०च्या दशकातली मांडणीही झाली. माणूस माध्यमाकडे माहिती, करमणूक, स्वतःची ओळख आणि इतरांशी नातं अशा गरजा भागवायला जातो, हे पटतं. पण त्यातून मासिकाचं पान २४ कसं ठरवायचं?

मनात दोन वाटा आहेत. एक, १६ ते २४ वयोगटासाठी सर्व प्रकारच्या संगीताचं मासिक. दुसरी, घरच्या घरी गाणी रचून, लॅपटॉपवर रेकॉर्ड करून स्वतःच प्रसिद्ध करणाऱ्यांसाठीचं मासिक. ओढा दुसरीकडे आहे, पण वर्तुळ फार लहान होईल का अशी भीती वाटते. अभ्यास कसा करावा, अंक कसा बांधावा, छपाईआधी काय पाहावं, जमेल तसं सांगा. कडक शब्दांत सांगितलंत तरी चालेल.

जुनी_पानं

चांगला धागा. मी बरीच वर्षं मासिकांच्या संपादन विभागात काम केलंय, त्यामुळे आधी पहिल्या भीतीबद्दल.

जी संगीत मासिकं टिकली, ती बहुतेक एखादी रिकामी जागा हेरून सुरू झाली होती. 'ग्रामोफोन' १९२३ मध्ये काँप्टन मॅकेंझी या कादंबरीकारानं काढलं, ते तबकड्या विकत घेऊन घरी ऐकणाऱ्यांसाठी. मैफलीला जाणाऱ्यापेक्षा हा श्रोता वेगळा होता, कोणती तबकडी घ्यावी हा त्याचा प्रश्न होता. 'एनएमई' ('न्यू म्युझिकल एक्सप्रेस') या ब्रिटिश साप्ताहिकानं १९५२ मध्ये दुकानांना फोन करून खपाचे आकडे गोळा केले आणि ब्रिटनमधली पहिली एकल गाण्यांची क्रमवारी छापली. लोकांना हवी असलेली माहिती तोवर कुणी अशी एकत्र देत नव्हतं. 'क्यू' १९८६ मध्ये आलं तेव्हा सीडी नवी होती आणि ती घेणारा वर्ग तिशीच्या आसपासचा, हातात पैसे असलेला होता. संगीताची साप्ताहिकं मात्र त्याहून तरुण वाचकांशी बोलत होती.

उलट बाजूही बघ. 'स्मॅश हिट्स' १९७८ मध्ये सुरू झालं, त्याचं मोठं आकर्षण म्हणजे गाजणाऱ्या गाण्यांचे छापलेले शब्द. ते शब्द आणि कलाकारांच्या बातम्या इतरत्र फुकट मिळू लागल्या आणि २००६ मध्ये ते बंद पडलं. 'एनएमई' २०१५ मध्ये फुकट वाटायला सुरुवात झाली. प्रती तीन लाखांवर गेल्या, तरी २०१८ मध्ये साप्ताहिक छापील अंक थांबला. हातात अंक पडणं आणि वाचकाला तो हवासा वाटणं, यात फार अंतर आहे.

म्हणून '१६ ते २४, सर्व प्रकार' हा माझ्या मते वाचकच नव्हे, ती जनगणनेतली एक ओळ आहे. तुझी दुसरी वाट धर. त्या वाटेवर आधी कुणी गेलंच नाही असंही नाही. 'साउंड ऑन साउंड' १९८५ पासून ध्वनिमुद्रणावर लिहितंय. लॅरी क्रेन यांनी १९९६ मध्ये 'टेप ऑप' काढलं, ते तर स्वतःच्या बळावर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठीच. दोन्हींचे जमतील तेवढे अंक मिळव आणि शेवटच्या पानापर्यंत वाच.

वाचताना मोजत जा. मुलाखतींना किती पानं, परीक्षणांना किती, जाहिराती किती आणि कशाच्या, वाचकांच्या पत्रांना जागा आहे का, सर्वांत लांब लेख किती पानांचा. जाहिरातींवर विशेष लक्ष ठेव. त्या देणाऱ्यांनी वाचक कोण हे पैसे मोजून ठरवलेलं असतं. अनेक मासिकं जाहिरातदारांसाठी वाचकांची माहितीपत्रिका काढतात, ती मिळाली तर उत्तमच. फक्त ती विक्रीसाठी लिहिलेली असते, हे ध्यानात ठेवून वाच.

प्रश्नपेटी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. प्रश्नावलीबद्दल थोडं लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे.

'घ्याल का?' या प्रश्नाला माणूस समोरच्याचं मन राखायला 'हो' म्हणतो. त्यात खोटेपणा नसतो, त्या क्षणी त्याला तसंच वाटत असतं. 'काय आवडेल?' याचं उत्तर तो आधी पाहिलेल्या मासिकांतून उचलतो, म्हणून सगळ्यांना मुलाखती हव्या असतात. भविष्याबद्दल विचारू नका, घडून गेलेलं विचारा.

संगीताबद्दल शेवटचं काय वाचलंत? कुठे? पूर्ण वाचलंत का, सोडलंत तर कुठे सोडलंत? मागचं गाणं करताना कुठे अडलात, मग कुणाला विचारलंत? संगीतासाठी शेवटचा खर्च कशावर केलात, आणि त्याआधी माहिती कुठून काढलीत? अशा प्रश्नांना 'सगळं' किंवा 'नक्की' असं उत्तर देताच येत नाही.

शंभर फॉर्म भरून घेण्यापेक्षा मोजक्या लोकांशी निवांत बोला, एकेकट्यानं. चार जण एकत्र बसवले की सर्वांत बोलका माणूस बाकीच्यांचं मत ठरवतो. तेच ते मुद्दे परत यायला लागले की थांबा. आणि फक्त मित्रमैत्रिणींना गाठू नका. रेकॉर्डिंग करणारे, सुरू करून सोडून दिलेले आणि फक्त ऐकणारे, असे तिन्ही प्रकार हवेत. सोडून दिलेल्यांकडून सर्वांत जास्त कळतं.

अजून एक करून पाहा. एखाद्या जुन्या मासिकाचा अंक हातात द्या आणि गप्प बसून बघा. कुठलं पान आधी उघडतात, नजर कुठे रेंगाळते, काय न वाचता उलटतात. नंतर विचारा, 'इथे का थांबलात?'

शाई_आणि_कागद

मी छपाईकडून बोलतो. विद्यार्थी मंडळी शेवटच्या रात्री फाइल घेऊन येतात तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पानांची संख्या मनाला येईल ती धरू नका. मध्ये पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीतच हवीत, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. ३२ पानं आतली आणि चार मुखपृष्ठाची, हा पहिल्या अंकाला सुटसुटीत हिशेब.

मग फ्लॅटप्लॅन करा. मोठ्या कागदावर पानांच्या जोड्या चौकोनांत आखा आणि कुठे काय ते पेन्सिलीनं लिहा. पान १ उजवीकडे येतं, म्हणून विषम पानं कायम उजवीकडे. तुमचा दोन पानांचा लेख सम क्रमांकावर सुरू झाला पाहिजे. १३ वर सुरू केलात तर वाचकाला पान उलटावं लागेल आणि समोरासमोरची सगळी मजा गेली. ३२ पानांत १६-१७ ही मधली जोडी एकाच कागदावर छापली जाते, दोन पानांवर पसरलेलं छायाचित्र तिथे नीट जुळतं. बाकी ठिकाणी दोन वेगळे कागद शेजारी येतात, तेव्हा चेहरा किंवा मथळ्यातलं अक्षर बरोबर घडीवर आणू नका.

छायाचित्रं ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके. ए४ पूर्ण पानाला साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, दोन पानांना ४९६१ गुणिले ३५०८. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला फोटो बहुधा दाबून लहान झालेला असतो, मूळ फाइल मागून घ्या. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारही बाजूंनी ३ मिमी जादा ठेवा, म्हणजे कापताना पांढरी रेघ राहत नाही. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, बदलून पाहा, पडद्यावरचा झगझगीत निळा आणि हिरवा कागदावर मंदावतो. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत. चार शायांचा काळा केलात आणि जुळणी केसभर हलली, तर अक्षरांना कडा फुटतात.

तिसरी_फ्रेम

मी मैफलींची छायाचित्रं काढते. हक्कांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

नेटवरून फोटो घेऊन खाली नाव दिलं की झालं, असं अनेकांना वाटतं. श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. प्रकल्पासाठी स्वतः काढलेली छायाचित्रंच वापर. कलाकाराची लेखी संमती घे, त्यात मुखपृष्ठाचा स्पष्ट उल्लेख असू दे. गाण्याचे शब्द छापायचे असतील तर गीतकार आणि त्याच्या प्रकाशकाचा हक्क असतो, दोन ओळी असल्या तरी विचारावं.

मोठ्या कार्यक्रमांत छायाचित्रकारांना बहुधा पहिल्या तीन गाण्यांपुरतंच पुढे उभं राहू देतात, तेही फ्लॅशविना. सगळ्या मासिकांत घामाचा एक थेंब नसलेले तेच ते फोटो दिसतात, ते त्यामुळे. तुझ्या वाचकाला तर रंगमंचाहून खोलीतलं दृश्य जवळचं. गादी भिंतीला टेकवून केलेला आडोसा, मायक्रोफोनवर ताणलेला मोजा, जमिनीवर गुंडाळलेल्या वायरी. तिथे जाऊन फोटो काढ, कुणी तीन गाण्यांनंतर बाहेर काढणार नाही.

ताल_सोडून

माझं थोडं वेगळं मत. वाचक नेमका असावा हे मान्य, पण अंक यंत्रांचं माहितीपत्रक होऊ देऊ नका. मी घरी रेकॉर्डिंग करतो. मायक्रोफोनची तुलना मला कुठेही मिळते, चित्रफितीत तर आवाजही ऐकू येतो. छापील पानावर आवाज नाही, ही बाजू पडतीच आहे. दुसऱ्या कुणीतरी तिसरं कडवं का काढून टाकलं, हे मला कुठेच वाचायला मिळत नाही. दुसरी गोष्ट, उपकरणांची जाहिरात आणि त्याच उपकरणाचं परीक्षण एका अंकात असेल तर वाचक शंका घेणारच. परीक्षणाचं धोरण पहिल्याच अंकात छापा.

गंधार_न

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रश्नपेटी दादा, तुम्ही सांगितलंत तसे प्रश्न बदलून लोकांशी बोलले. चित्र पूर्ण पालटलं.

अंक हातात देऊन बघण्याचा प्रकार तर विलक्षण होता. एकीनं अंक मागून पुढे चाळला. पूर्ण पानभर गायकाचा चेहरा होता, तो न थांबता उलटला. पुढे एका कोपऱ्यात छोटी चौकट होती, गाण्याच्या पहिल्या आणि शेवटच्या मसुद्यातला फरक दाखवणारी. तिथे तिनं पान डोळ्यांजवळ नेलं आणि बोटानं ओळी जुळवत बसली. का थांबलीस विचारल्यावर म्हणाली, "त्यांनाही पहिल्यांदा जमलं नव्हतं, हे दिसलं."

तंत्रापाशी जवळजवळ कुणीच अडकलेलं नाही. अडकतात ते गाणं पूर्ण करण्यापाशी. सोडून दिलेल्यांकडे अर्धवट गाण्यांच्या कितीतरी फाइल पडून आहेत. ताल_सोडून म्हणतात ते तंतोतंत खरं निघालं.

त्यामुळे वाचक असा लिहिलाय: एकट्यानं गाणी करणारा, ऐकवायला जवळ कुणी नसलेला, गाणं पूर्ण होत नाही म्हणून थकलेला. वयाची अट काढून टाकली, कारण हेच बोलणं वेगवेगळ्या वयाच्या लोकांकडून ऐकलं. अंक ३२ पानांचा. मधल्या १६-१७ वर दर वेळी एका गाण्याचा प्रवास, मसुद्यांसकट, लेखी परवानगीनं. वाचकांची अर्धवट गाणी आणि त्यावर इतरांच्या सूचना यांना चार पानं. उपकरणांना दोनच, आणि धोरण अनुक्रमणिकेखाली.

आता एकच अडलंय. मुखपृष्ठावर चेहरा घ्यावा की मसुद्याचा कागद? अभ्यासक्रमाची पुस्तकं वाचकाकडे रोखून पाहणारा चेहरा घ्या म्हणतात. माझ्या वाचिकेनं तर चेहराच उलटून टाकला.

जुनी_पानं

तिनं उलटला तो आतल्या पानावरचा चेहरा, अंक आधीच हातात आल्यावरचा. मांडणीवर अंक एकमेकांवर सरकवून ठेवलेले असतात, बऱ्याचदा डावीकडची पट्टीच दिसते, आणि लांबून आधी दिसतो तो चेहराच. तेव्हा चेहरा घे, पण कलाकार अनोळखी असणार हे धरून चाल. त्याच्या नावापेक्षा तो काय करतोय हे कळू दे. खोडलेल्या ओळींचा कागद हातात असू दे, नजर वाचकाकडे. महत्त्वाची शीर्षकं डावीकडे, आणि मासिकाचं नाव पूर्ण झाकलं जाऊ देऊ नकोस, पहिल्या अंकाचं नाव अजून कुणाला पाठ नसतं. नाव आधी कुणी नोंदवलेलं नाही ना, तेही बघून घे.

गंधार_न

हे पटलं. दोन्ही मुखपृष्ठं खऱ्या आकारात छापून, इतर मासिकांच्या रांगेत अर्धी झाकून ठेवते आणि ज्यांच्याशी अजून बोलले नाही अशा लोकांना दाखवते. कोणतं उचलतात ते इथेच कळवेन. शाई_आणि_कागद, फाइल पाठवण्याआधी फ्लॅटप्लॅनचा फोटो टाकला तर एकदा नजर घालाल का?

शाई_आणि_कागद

जरूर टाका. पानांचे क्रमांक आणि जाहिरातींच्या जागा ठळक लिहा, पेन्सिलीचं फोटोत दिसत नाही.